मानाची खुर्ची आणि शाळेचे छप्पर

"बिचारे! आमदार होते, आता जिल्हा परिषदेला उभे राहिले म्हणे."

रविवारच्या मिस्सानंतर दीपनगरच्या वसाहतीत चहाचे पेले हातात घेऊन उभ्या असलेल्या मंडळींत हे वाक्य आमच्या कानी पडले, त्याला आता बरीच वर्षे लोटली. बोलणारे गृहस्थ सुशिक्षित, वीजकेंद्रात जबाबदारीच्या जागी काम करणारे, धर्मग्रामाच्या कामात ज्यांचा शब्द मानला जातो असे. त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, खरीखुरी कीव होती, आणि ती कीवच आम्हांला अधिक खटकली. कुचेष्टा झाली असती तर ती त्या एका माणसाची झाली असती. ही कीव मात्र नकळत एका संस्थेची केली जात होती, आणि ती संस्था आमच्या धर्मग्रामातील निम्म्या कुटुंबांच्या मुलांना शिकवणारी, त्यांच्या बाळंतिणींची काळजी वाहणारी संस्था होती.

बोलणे चालले होते शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीच्या धनराज महाले यांच्याविषयी. त्यांचे वडील हरिभाऊ महाले मालेगाव मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले. धनराज महाले २००९ साली आदिवासींसाठी राखीव असलेल्या दिंडोरी मतदारसंघातून शिवसेनेचे आमदार झाले, तेही दीडशेच्या आतल्या मताधिक्याने. २०१४ साली नरहरी झिरवाळ यांनी त्यांचा पराभव केला. आपल्याकडील रिवाजाप्रमाणे यापुढे त्यांनी पाच वर्षे 'माजी आमदार' ही पाटी गाडीवर मिरवीत, लग्नाकार्यांत हजेरी लावीत, पुढील विधानसभेची वाट पाहायला हवी होती. तसे न करता २०१७ साली ते नाशिक जिल्हा परिषदेवर निवडून गेले. विधानभवनात बसलेला मनुष्य जिल्हा परिषदेच्या सभागृहात येऊन बसला. एवढ्याचसाठी आमच्या त्या मित्रांना त्यांची कीव आली होती.

आमचे म्हणणे नेमके उलट आहे. पराभूत किंवा निवृत्त आमदाराने जिल्हा परिषदेत जावे, स्वतः जावे, आणि गेल्यावर तेथे टिकून बसावे. अशी माणसे आम्हांला बोटांवर मोजण्याइतकीही आढळत नाहीत, हेच आपल्या राजकारणाचे खरे दुखणे आहे.

ही 'वर' आणि 'खाली' अशी भाषा आली कोठून? कायद्यातून तर ती आलेली नाही. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली पंचायत राज्याची कल्पना मांडली, तेव्हा तिचा भर तालुक्याच्या पातळीवर होता. महाराष्ट्राने मात्र वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीनुसार जिल्हा हे सत्तेचे मुख्य स्थान ठरविले. १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. इतर अनेक राज्यांत आमदार-खासदारांना या संस्थांत पदसिद्ध स्थान मिळाले. आपल्या राज्याने तसे केले नाही. गावागावांतून नवे नेतृत्व उभे राहावे, त्यावर मुंबई-दिल्लीच्या वजनदार मंडळींची सावली पडू नये, असा त्यामागील शहाणा विचार होता. पुढे १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि दर पाच वर्षांनी निवडणूक घेणे हे राज्यघटनेचेच बंधन झाले. असे असता ही संस्था विधानसभेच्या तळाशी असलेली एखादी अडगळीची खोली आहे, असे कोणी व कोणत्या आधारावर ठरविले?

दीपनगरात राहून हा प्रश्न लवकर ध्यानात येत नाही, हे आम्ही कबूल करतो. आमच्या वसाहतीचे पाणी, रस्ते, दिवे सारे वीज कंपनीचे. पूर्वी मंडळ होते, आता महानिर्मिती आहे. नळ आटला तर आम्ही वसाहतीच्या कार्यालयात तक्रार गुदरतो. ग्रामपंचायत कोणाची, जिल्हा परिषदेचा गट कोणता, हे ठाऊक असण्याची आम्हांला गरजच पडत नाही. पण मिस्साला येणारी सारी माणसे काही वसाहतीत राहत नाहीत. फेकरीकडून येतात, पलीकडच्या वाड्यावस्त्यांवरून येतात, ठेकेदाराकडे रोजंदारी करणारी सातपुड्याकडची आदिवासी कुटुंबे येतात. त्यांची मुले ज्या शाळेत बसतात ती जिल्हा परिषदेची. उन्हाळ्यात वेल्हाळ्याच्या बंधाऱ्यावरून राखेचे लोट उठतात. त्या राखेचा प्रश्न मंत्र्यांच्या दालनापर्यंत जातो, त्याच्या बातम्याही छापून येतात. पण दम लागलेल्या म्हातारीला प्रथम ज्या दारात नेतात ते प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे असते. तेथे डॉक्टर आहे की नाही, औषध आहे की नाही, याची विचारणा विधानभवनात होण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत व्हावी लागते.

या संदर्भात एक जुनी आठवण येथे नमूद करतो. आमच्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात, दुसऱ्या जिल्ह्यात, एका पाड्यावर दोन खोल्यांची शाळा होती. एका पावसाळ्यात वादळाने तिचे पत्रे उडाले. आम्ही आमदारांना तीन पत्रे लिहिली. सणाच्या दिवशी ते आले, आम्ही त्यांना शाल दिली, त्यांनी पाड्याला सभामंडप जाहीर केला. शाळेला छप्पर नाही आणि पाड्याला सभामंडप! बसायला जागा झाली म्हणून मुले त्या मंडपात बसू लागली आणि ऊन-पावसात चारी बाजूंनी भिजू लागली. त्याच गटाचा जिल्हा परिषद सदस्य हा दहावी नापास झालेला शेतकरी होता. जुन्या लुनावर बसून तो पंचायत समितीच्या कार्यालयात किती वेळा गेला ते त्यालाच ठाऊक. अंदाजपत्रक झाले तर अभियंत्याची सही नाही, सही झाली तर प्रशासकीय मान्यता नाही, मान्यता आली तर मार्च उलटून गेलेला. पुढच्या जूनमध्ये पत्रे आले. त्या माणसाला आम्ही शाल दिली नाही. खरे सांगायचे तर त्याला सणाचे निमंत्रणही नव्हते. तो आपण होऊन आला होता आणि मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभा होता.

त्या आमदाराला दोष द्यायचा तर आधी व्यवस्थेला द्यावा लागेल. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटींचा निधी मिळतो. कायदे करण्यासाठी निवडून दिलेल्या माणसाच्या हाती गल्लीतले काँक्रीट, व्यायामशाळा आणि सभामंडप यांची थैली दिली, म्हणजे तो साहजिकच जिल्हा परिषद सदस्याच्या वाट्याचे काम करू लागतो, आणि कायद्याचे काम करायला कोणीच उरत नाही. गावच्या प्रवेशद्वारावर नाव त्याचे लागते. बिचारा जर कोणी असेल तर तो हक्काचे काम हिरावले गेलेला जिल्हा परिषद सदस्य होय. शिवाय माजी आमदाराला महिन्याला पन्नास हजारांच्या घरात निवृत्तिवेतन मिळते, माजी जिल्हा परिषद सदस्याला फक्त आठवणी. मग प्रतिष्ठा कोठे जाऊन बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आमच्या खानदेशात चढणीची परंपरा मोठी आहे आणि तिचा आम्हांला अभिमान आहे. प्रतिभाताई पाटील १९६२ साली जळगावातून विधानसभेवर गेल्या, १९६७ पासून १९८५ पर्यंत एदलाबादचे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरचे, प्रतिनिधित्व केले, पुढे राज्यसभा, लोकसभा, राज्यपालपद अशा पायऱ्या चढत २००७ साली त्या राष्ट्रपती झाल्या. रक्षा खडसे कोथळीच्या सरपंच होत्या, जिल्हा परिषदेच्या सदस्य झाल्या, २०१४ साली रावेरमधून लोकसभेत गेल्या आणि २०२४ साली केंद्रात राज्यमंत्री झाल्या. गावातून दिल्लीपर्यंत वाट आहे, हे यावरून सिद्ध होते. आमचा प्रश्न एवढाच की ती वाट एकेरी का? दिल्ली-मुंबईहून गावाकडे परत येणारा एकही प्रवासी या वाटेवर का दिसत नाही? १९३६ च्या डिसेंबरात याच जिल्ह्यातील फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले होते. त्या वेळी देशाचे पुढारी शहर सोडून खेड्यात उतरले आणि कोणी त्यांना 'बिचारे' म्हटले नाही.

अन्य ठिकाणी असे येणे-जाणे अगदीच अपरिचित नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स १८२९ साली पदावरून उतरले आणि १८३१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, प्रतिनिधिगृहाचे साधे सदस्य म्हणून बसले. गुलामगिरीविरुद्धची त्यांची मोठी झुंज त्या साध्या बाकावरचीच. त्या देशात राज्याच्या विधिमंडळात बसून आलेली माणसे पुढे जिल्ह्याच्या मंडळावर निवडून येतात, त्यात कोणाला नवल वाटत नाही. नागपूरला जन्मलेल्या स्वाती दांडेकर तेथे आयोवा राज्यात प्रथम शाळामंडळावर होत्या, मग विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत गेल्या, आणि २०११ साली सिनेटची जागा सोडून वीज व इतर सेवांवर देखरेख करणाऱ्या राज्य मंडळावर रुजू झाल्या. आपल्या देशात राजाजींचे उदाहरण आहे. सेलम नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून सार्वजनिक जीवन सुरू केलेले राजगोपालाचारी १९४८ साली भारताचे गव्हर्नर जनरल झाले. त्यानंतर केंद्रात गृहमंत्री झाले आणि १९५२ साली मद्रासचे मुख्यमंत्री. राष्ट्राच्या सर्वोच्च आसनावरून एका प्रांताच्या खुर्चीवर येताना त्यांचा मान गेला, असे इतिहासात कोठे नोंदलेले नाही. आपल्या राज्यातही मुख्यमंत्रिपद भूषविलेल्यांनी नंतर साधे मंत्रिपद घेतल्याची उदाहरणे शंकरराव चव्हाणांपासून आहेत. पण ते उतरणे मंत्रालयाच्या एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर. मंत्रालयाच्या फाटकाबाहेर पडून जिल्हा परिषदेचा जिना चढण्याची वेळ आली की पाय जड होतात.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. नाईक समितीने ज्या सावलीची भीती बाळगली तीच सावली माजी आमदार जिल्हा परिषदेत आल्याने पडणार नाही काय? नवशिक्या सदस्यांपुढे हा मुरलेला गडी बसला तर त्यांचे तोंड उघडेल काय? भीती खोटी नाही. पण सत्तेवर असलेला आमदार वेगळा आणि पदावरून उतरून सामान्य मतदाराकडे गटापुरते मत मागायला आलेला मनुष्य वेगळा. पहिल्याच्या हाती निधी असतो, बदल्या असतात, पालकमंत्र्याचा कान असतो. दुसऱ्याच्या हाती फक्त अनुभव असतो. अर्थसंकल्पाची पोथी कशी वाचायची, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला कोणत्या नियमाने जाब विचारायचा, मुंबईत अडकलेली फाइल कोणत्या टेबलावर पडून असेल, हे ज्याला कळते असा एक मनुष्य सभागृहात असला तर दहा नवखे सदस्य चार गोष्टी शिकतील. २०१७ साली जळगाव जिल्हा परिषदेत सदुसष्ट सदस्य निवडून आले होते. त्यांत दोन-चार माजी आमदार असते तर उरलेल्यांची जागा बळकावली गेली नसती.

सावली पडतेच आहे, आणि ती दुसऱ्याच बाजूने. आमदार-खासदार स्वतः जिल्हा परिषदेत येत नाहीत, आपल्या घरातले कोणी तरी पाठवितात. पत्नी, मुलगा, सून, भाऊ. स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या ही फार चांगली गोष्ट झाली, आणि कर्तबगार स्त्रिया त्यातून पुढे आल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण कित्येक ठिकाणी सही बाईंची आणि आवाज घरच्या पुरुषाचा, हेही पाहिले आहे. कोणाच्या नातेवाइकाने निवडणूक लढवू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्या संस्थेत स्वतः बसणे कमीपणाचे वाटते तेथे घरचे माणूस बसविण्यात मात्र कमीपणा वाटत नाही, याचा अर्थ काय? संस्था हलकी आहे, पण तिच्यावरचा ताबा हलका नाही, असाच ना?

आणि दिंडोरीच्या महाल्यांचे पुढे काय झाले? त्यांचे कौतुक करायला आम्ही लेखणी उचलली खरी, पण ते कौतुक पुरे करू देण्याइतका अवसर त्यांनी दिला नाही. २०१९ साली ते शिवसेना सोडून राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले आणि लोकसभेला उभे राहिले. समोर भारतीय जनता पक्षाच्या डॉ. भारती पवार होत्या. त्याही नाशिक जिल्हा परिषदेच्याच सदस्य, आणि त्याही राष्ट्रवादी सोडून आलेल्या. एकाच जिल्हा परिषदेतील दोन सदस्य, दोन वर्षांपूर्वी पाच वर्षांसाठी निवडून आलेले, पक्षांची अदलाबदल करून दिल्लीच्या एका जागेसाठी झुंजले. महाले जवळजवळ दोन लाखांच्या फरकाने पडले. पवार जिंकल्या आणि पुढे केंद्रात राज्यमंत्री झाल्या. म्हणजे ज्याला आम्ही घर समजलो तो जिन्यातला थांबा निघाला. तरीही आम्ही म्हणतो की ते निदान मतदारांपुढे स्वतः उभे राहिले. त्यांच्यासारखे कित्येक माजी आमदार एवढेही करीत नाहीत.

ख्रिस्तसभेची या बाबतीत काही शिकवण आहे काय? आहे, आणि ती आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच ऐकू येते. परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या विश्वपत्रात एक तत्त्व स्पष्ट केले. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्याने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय होय. मोठ्याने लहानाला साहाय्य करावे, त्याला गिळू नये. आमदार निधीचा सभामंडप आणि उडालेले पत्रे यांची आठवण आम्हांला हे तत्त्व वाचताना दरवेळी होते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली राजकारणाला कठीण पण उदात्त कला मानले. ती उदात्तता दालनाच्या आकारावर अवलंबून असते, असे मात्र तिने कोठे म्हटलेले नाही. 'शास्ते' या पुस्तकात योथामाने सांगितलेली झाडांची कथा वाचकांना आठवत असेल. झाडे राजा शोधायला निघाली. जैतुनाने, अंजिराने, द्राक्षवेलीने नकार दिला, कारण प्रत्येकाला आपले फळ देण्याचे काम सोडून इतरांच्या डोक्यावर डुलत राहणे पसंत नव्हते. शेवटी काटेरी झुडूप राजा झाले. त्या कथेचा रोख सहसा झुडपावर धरतात. आम्हांला मात्र नकार देणारी तीन झाडे अधिक विचार करायला लावतात. फळ सोडून डुलायला गेलेले झाड परत फळाकडे येऊ शकते की नाही, एवढे योथामाने सांगितले नाही.

आम्ही धर्मगुरूंनी यावर फार बोलू नये, असेही कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. सेमिनरीतला प्राध्यापक खेड्यातल्या मिशनवर धाडला की आमच्यातच कुजबुज होते, 'काय चुकले त्यांचे?' मोठ्या शहराच्या चर्चमधून लहान ठाण्यावर बदली झाली की घरची मंडळी दुखवटा पाळल्यासारखी भेटायला येतात. २०१३ साली सोळावे बेनेडिक्ट यांनी परमगुरुपद स्वेच्छेने सोडले, तेव्हा सारे जग अचंबित झाले. असे स्वेच्छेने उतरणे १२९४ नंतर प्रथमच घडत होते. सातशे वर्षांत एकदा! पवित्र गुरुवारी आम्ही बारा जणांचे पाय धुतो, आणि त्या बारांची यादी करताना प्रतिष्ठितांची नावे आधी सुचतात. तेव्हा पुढाऱ्यांच्या पंगतीत आम्हांलाही बसवून मगच वाचकांनी आमचे बोलणे मोजावे.

पण मोजावे जरूर, कारण प्रश्न मानापमानाचा राहिलेला नाही. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक झाली नाही, प्रशासक आला. एक वर्ष गेले, दोन गेली, तीन उलटली. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे खरे, पण त्याच काळात विधानसभेची निवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्ये वेळेवर पार पडली. स्थानिक संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी सांगावे लागले. विधानसभा तीन दिवस रिकामी राहिली असती तर राज्यभर हलकल्लोळ झाला असता. जिल्हा परिषद तीन वर्षे रिकामी राहिली आणि कोणत्या माजी आमदाराने उपोषण केले? ज्या घरात आपल्याला कधी राहायचे नाही त्याचे दार बंद झाले म्हणून कोण ओरडतो? पाड्यावरच्या त्या लुनावाल्यासारखा एखादा सदस्य त्या तीन वर्षांत कोणाच्या दारी गेला असता? तो सदस्यच नव्हता. छप्पर उडाले तर मुख्याध्यापकाने अर्ज करायचा, आणि अर्जावर शेरा मारणारा अधिकारी मतदाराला नव्हे, बदलीच्या आदेशाला भीत असायचा.

आपल्या लोकांनी या तीन वर्षांत काय केले, हे आम्ही स्वतःलाच विचारले. लोकसभेसाठी आम्ही प्रार्थना केली, मतदानाचे आवाहन वेदीवरून वाचले, वसाहतीतून म्हाताऱ्यांना मतदान केंद्रावर नेण्याची सोय केली. जिल्हा परिषद रिकामी आहे, हे मात्र एका रविवारीही आमच्या प्रवचनात आले नाही. निवडणूक होते तेव्हाही वसाहतीतील कित्येक कॅथलिक कुटुंबांना तो सुट्टीचा दिवस वाटतो. फेकरीच्या बाजूने येणाऱ्या एका माउलीने आम्हांला विचारले होते, "फादर, शाळेत सेविका नाही, कोणाला सांगायचे?" आम्ही तिला आमदारांच्या कार्यालयाचा पत्ता दिला. हे आठवले की आजही कान तापतात.

यंदा सणाच्या तयारीच्या बैठकीत निमंत्रणांची यादी पुढे आली, तेव्हा आम्ही तीत तीन नावे वाढविली. शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष असलेली मजूर बाई, उपकेंद्रातील परिचारिका, आणि आमच्या गटातून पूर्वी जिल्हा परिषदेवर असलेले एक गृहस्थ. "यांना कोठे बसवायचे?" असा प्रश्न आला. पहिल्या रांगेत बारा खुर्च्या असतात आणि त्या दरवर्षी भरलेल्या असतात. एकाने सुचविले की रांग पंधरा खुर्च्यांची करावी. आम्ही म्हटले, बाराच राहू द्या. मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही.